दोन टर्बाइन आणि दोन डिझेल : टाइप ४५ विनाशिकांच्या वीजयंत्रणेचा प्रकरण अभ्यास

ब्रिटनच्या शाही नौदलातील टाइप ४५ वर्गाच्या सहा विनाशिका सेवेत दाखल झाल्या तेव्हा हवाई संरक्षणाच्या बाबतीत त्यांच्या तोडीच्या नौका जगात थोड्याच होत्या. तरीही पुढची पंधरा वर्षे त्यांची चर्चा रडार किंवा क्षेपणास्त्रांपेक्षा भर समुद्रात जाणाऱ्या विजेमुळे अधिक झाली. या प्रकरणाची बहुतेक माहिती ब्रिटिश संसदेच्या संरक्षण समितीसमोरील साक्षी, संरक्षण मंत्रालयाची निवेदने आणि जाहीर झालेली कंत्राटे यांतून उपलब्ध आहे. संबंधित अधिकाऱ्यांची नावे येथे घेतलेली नाहीत, कारण एखाद्या व्यक्तीच्या चुकीपेक्षा निर्णयांची साखळी येथे महत्त्वाची आहे. नवे, न रुळलेले इंजिन निवडल्यामुळे ही समस्या उद्भवली असे साधारणपणे सांगितले जाते. ते अर्धेच खरे आहे. त्या इंजिनाच्या भरवशावर नौकेतील राखीव वीजक्षमता किती खाली आणली गेली, हा माझ्या मते अधिक महत्त्वाचा आणि कमी चर्चिला गेलेला भाग आहे.

पार्श्वभूमी

१९८२ च्या फॉकलंड युद्धात ब्रिटनने टाइप ४२ वर्गातील शेफील्ड आणि कोव्हेन्ट्री या दोन विनाशिका हवाई हल्ल्यांत गमावल्या. त्या वर्गाची जागा घेणारी नौका फ्रान्स आणि इटलीबरोबर मिळून बांधायची, असा आधी बेत होता. परंतु १९९९ मध्ये ब्रिटन त्या संयुक्त नौकाप्रकल्पातून बाहेर पडला आणि क्षेपणास्त्र यंत्रणेचा भाग तेवढा सामाईक ठेवून स्वतःची नौका आखू लागला. सुरुवातीला बारा नौकांचा विचार होता, तो आठांवर आला आणि अखेरीस सहांवर थांबला. पहिली नौका डेअरिंग जुलै २००९ मध्ये, तर शेवटची डंकन सप्टेंबर २०१३ मध्ये सेवेत आली. प्रत्येक नौकेचा खर्च सुमारे एक अब्ज पौंडांच्या घरात गेला.

नौका चालवण्याची पद्धत हा या आराखड्यातील सर्वांत मोठा बदल होता. जुन्या युद्धनौकेत गॅस टर्बाइन किंवा डिझेल इंजिन गिअरबॉक्समार्गे थेट प्रॉपेलरचा दांडा (शाफ्ट) फिरवते आणि दिवे, रडार, वातानुकूलन, पंप यांच्यासाठी लागणारी वीज वेगळी जनित्रे तयार करतात. टाइप ४५ मध्ये ही दोन्ही कामे एकाच वीजजाळ्यावर आणली गेली. सगळी इंजिने केवळ वीज तयार करतात, ती वीज ४,१६० व्होल्टच्या मुख्य जाळ्यात जाते, आणि त्याच जाळ्यातून प्रत्येकी २० मेगावॅटच्या दोन मोटारी प्रॉपेलर फिरवतात. या पद्धतीचे फायदे खरे आहेत. गिअरबॉक्सचा आवाज नाहीसा होतो, इंजिने शाफ्टच्या रेषेत बसवण्याची सक्ती राहत नाही, गरजेपुरतीच इंजिने चालू ठेवता येतात, आणि उद्या अधिक वीज खाणारे रडार किंवा शस्त्र आले तर त्यालाही जागा राहते.

मात्र त्याबरोबर एक अवलंबित्वही येते. मोठ्या गृहसंकुलात लिफ्ट, पाण्याचा पंप आणि सगळ्या घरांचे दिवे एकाच जनरेटरवर असले की तो बंद पडताच सगळेच एकदम थांबते. तसेच येथे प्रणोदन (नौका पुढे ढकलणारी यंत्रणा) आणि बाकीची नौका यांचे नशीब एकत्र बांधले जाते. म्हणून अशा नौकेत किती जनित्रे आहेत, त्यांचे आकार कसे आहेत आणि एक गेले तर उरलेली काय पेलतात, हा प्रश्न संपूर्ण आराखड्याचा कणा ठरतो.

इंजिनाची निवड

२००० साली मुख्य इंजिन म्हणून डब्ल्यूआर-२१ या गॅस टर्बाइनची निवड झाली. त्याचा विकास १९९१ पासून अमेरिकी नौदलाच्या पुढाकाराने सुरू होता आणि पुढे ब्रिटन व फ्रान्सही त्यात सहभागी झाले होते. टर्बाइनचा गाभा रोल्स-रॉइसच्या विमान इंजिनांच्या घराण्यातला, म्हणजे चांगला मुरलेला होता. नावीन्य त्याभोवतीच्या दोन भागांत होते. हवा दोन टप्प्यांत दाबली जाते, त्या दोन टप्प्यांच्या मध्ये इंटरकूलर ती थंड करतो, ज्यामुळे पुढच्या टप्प्यात तिला दाबायला कमी शक्ती लागते. त्यानंतर ही दाबलेली हवा ज्वलनकक्षात जाण्यापूर्वी रिक्युपरेटरमधून जाते आणि बाहेर पडणाऱ्या गरम धुराची उष्णता घेऊन आधीच तापते, म्हणून तेवढे इंधन वाचते. धूर थंड होऊन बाहेर पडत असल्यामुळे उष्णता हुंगत येणाऱ्या क्षेपणास्त्रांना नौका थोडी कमी दिसते, हा आणखी एक लाभ.

या गुंतागुंतीमागचे गणित चुकीचे मुळीच नव्हते. साधी गॅस टर्बाइन पूर्ण भाराला चांगली चालते, पण भार कमी झाला की तिची इंधन कार्यक्षमता झपाट्याने घसरते. आणि युद्धनौका तर आयुष्यातला बहुतांश काळ मध्यम वेगानेच चालते. डब्ल्यूआर-२१ चा इंधनवापराचा आलेख कमी भारालाही बराच सपाट राहत होता आणि वर्षभराच्या वापरात इंधनाची सुमारे पाव हिश्शाची बचत अपेक्षित होती. एलएम-२५०० ही साधी आणि जगभरातल्या नौदलांत १९७० च्या दशकापासून वापरात असलेली टर्बाइन हा समोरचा पर्याय होता. मुंबईच्या माझगाव डॉकमध्ये बांधलेल्या शिवालिक वर्गाच्या फ्रिगेट तिच्यावरच चालतात. इंधनाच्या बाबतीत ती मागे होती, परंतु तिच्या सगळ्या खोडी लाखो तासांच्या वापरात कळून चुकल्या होत्या.

डब्ल्यूआर-२१ च्या किनाऱ्यावर चाचण्या झाल्या होत्या, पण निवड झाली तेव्हा ती कोणत्याही नौदलाच्या सेवेतील नौकेवर नव्हती. पुढे अमेरिकी नौदलानेही आपल्या विनाशिकांसाठी ती घेतली नाही आणि फ्रान्सनेही नाही. परिणामी जगात ही टर्बाइन फक्त सहा नौकांवर, म्हणजे एकूण बारा नगांत, सेवेत राहिली. सुटे भाग, प्रशिक्षण, चुका शोधण्याचा सामूहिक अनुभव या सगळ्यांचा भार एकाच ग्राहकावर आला.

डिझेल जनित्रांची संख्या

येथे या प्रकरणातील मर्माचा निर्णय येतो, आणि वृत्तपत्रांत त्याच्याबद्दल फार थोडे छापून आले. प्रत्येक टाइप ४५ मध्ये सुमारे २१ मेगावॅटच्या दोन गॅस टर्बाइन आणि केवळ २ मेगावॅटची दोन डिझेल जनित्रे बसवण्यात आली. टर्बाइन कमी भारालाही किफायतशीर असल्यामुळे मध्यम वेगाने जाताना एकच टर्बाइन चालवून प्रॉपेलर आणि नौकेतील इतर सगळी विजेची गरज भागवता येईल, असा हिशेब होता. डिझेल बंदरात, अगदी संथ वेगाला आणि आणीबाणीत वापरायची होती. मध्यम वेगासाठी मोठी डिझेल जनित्रे कशाला, असे आराखडा विचारत होता. आणि डब्ल्यूआर-२१ आश्वासनाप्रमाणे चालली असती, तर या प्रश्नाला उत्तर देणे अवघड होते.

उदाहरणादाखल थोडे अंक मांडून पाहू. प्रॉपेलरला लागणारी शक्ती ढोबळमानाने वेगाच्या घनाप्रमाणे वाढते. पूर्ण वेगाला ४० मेगावॅट लागत असतील तर निम्म्या वेगाला त्याचा आठवा हिस्सा, म्हणजे ५ मेगावॅटच्या आसपास, लागेल. त्यात रडार, वातानुकूलन आणि इतर यंत्रणांचे दोन-तीन मेगावॅट धरले तर एकूण भार सात-आठ मेगावॅट होतो. तो एकटी टर्बाइन आरामात पेलते. ती अचानक बंद पडली तर मात्र दोन्ही डिझेल मिळून ४ मेगावॅटच देऊ शकतात. दुसरी टर्बाइन चालू होऊन भार घेईपर्यंत लागणारा वेळ पाहता हा फरक भरून निघण्यासारखा नव्हता.

म्हणजे नव्या इंजिनाचा गुण एकदा इंधन वाचवण्यासाठी वापरला गेला आणि तोच पुन्हा राखीव क्षमता कमी करण्यासाठी वापरला गेला. पहिला वापर हा जोखमीचा पण समजण्याजोगा निर्णय होता. दुसऱ्या वापरामुळे इंजिनाच्या बिघाडाची व्याप्ती बदलली. टर्बाइन अडखळली तर इंधन थोडे जास्त लागेल, इतकेच नुकसान व्हायला हवे होते. प्रत्यक्षात ती अडखळली की नौका अंधारात जाण्याची सोय झाली.

समस्या कशी उघड झाली

२०१० च्या अखेरीस डेअरिंग अटलांटिकच्या मध्यावर प्रणोदन गमावून बसली आणि तिला दुरुस्तीसाठी कॅनडात जावे लागले. २०१४ मध्ये डॉन्टलेसला बिघाडामुळे सराव अर्धवट सोडावा लागला. नोव्हेंबर २०१६ मध्ये डंकनला ओढून प्लिमथला आणावे लागले. सगळ्या घटनांचे तांत्रिक कारण एकच होते असे म्हणता येणार नाही. नव्या वर्गाच्या नौकांत सुरुवातीच्या काळात किरकोळ बिघाड होतातच आणि पहिल्या काही घटनांकडे तशाच नजरेने पाहिले गेले असावे. पण हळूहळू एक ठसा स्पष्ट होत गेला, आणि आखातातील मोहिमांत तो अधिक गडद झाला.

कोणतीही गॅस टर्बाइन गरम हवेत कमी शक्ती देते, कारण गरम हवा विरळ असते. ढोबळमानाने १५ अंश सेल्सिअसच्या वर दर अंशामागे शक्ती अर्धा ते एक टक्का घटते, आणि हे प्रत्येक नौदलाला ठाऊक असते. डब्ल्यूआर-२१ मध्ये त्यात इंटरकूलरची भर पडली, कारण त्याला उष्णता अखेरीस समुद्राच्या पाण्यातच सोडावी लागते. इंग्लिश खाडीत उन्हाळ्यातही पाणी १७-१८ अंशांच्या आसपास असते. इराणच्या आखातात ते ३० अंशांच्या पुढे जाते आणि वरच्या हवेचे तापमान ४० ओलांडते. अशा ठिकाणी टर्बाइनची क्षमता घटत असताना वातानुकूलनाची विजेची मागणी मात्र वाढत असते. क्षमता आणि मागणी यांच्यातील अंतर दोन्ही बाजूंनी आक्रसते.

त्यानंतरचा क्रम असा. टर्बाइन मागणी पुरवू शकत नाही आणि स्वतःच्या संरक्षणासाठी ट्रिप होते, म्हणजे आपोआप बंद पडते. तिचा सगळा भार क्षणात दोन छोट्या डिझेलवर येतो. नियंत्रण यंत्रणा कमी महत्त्वाचे भार तोडायला सुरुवात करते, म्हणजे आपल्याकडच्या शब्दांत लोडशेडिंग करते, परंतु तोडण्याच्या वेगापेक्षा भार मोठा असतो. डिझेलही ट्रिप होतात. इंजिन रूममधला कानठळ्या बसवणारा आवाज थांबतो, वायुवीजनाची सततची घरघर बंद पडते, बॅटरीवरचे आणीबाणीचे दिवे तेवढे उरतात, आणि सुमारे आठ हजार टनांची नौका आपल्या गतीच्या जोरावर सरकत राहते. वीज परत आणायची तर आधी डिझेल सुरू करून जाळे पुन्हा उभे करावे लागते, मग टर्बाइन, मग मोटारी, मग शस्त्रयंत्रणा. शांततेच्या काळात हा मनस्ताप असतो. क्षेपणास्त्राच्या टप्प्यात असलेल्या हवाई संरक्षण नौकेसाठी त्याचा अर्थ काय, हे सांगण्याची गरज नसावी.

नौदलप्रमुखांनी २०१६ मध्ये संसदीय समितीसमोर जे सांगितले त्याचा आशय असा होता की, उष्ण प्रदेशात ही यंत्रणा हळूहळू कमजोर होत नाही, ती एकदम कोसळते. हे निदान नेमके होते. क्षमता दहा टक्क्यांनी घटली असती तर कप्तानाने वेग कमी करून काम चालवले असते.

विनिर्देश काय सांगत होते

त्याच सुनावणीत उद्योगाच्या प्रतिनिधींनी मांडलेली बाजू अनेक वर्तमानपत्रांत थट्टेचा विषय झाली. आखातातील परिस्थिती मूळ विनिर्देशात (नौकेसाठी लिहून दिलेल्या तांत्रिक अटींत) मागितल्यापेक्षा कितीतरी कठीण आहे आणि तेथे वारंवार किंवा सलग काम करावे लागेल असे त्या वेळी गृहीत धरलेले नव्हते, असा त्यांचा युक्तिवाद होता. याउलट मंत्रालयाचे म्हणणे असे की नौका ध्रुवप्रदेशालगतच्या थंडीपासून अतिउष्ण प्रदेशापर्यंत जगभर चालण्यासाठीच आखलेली आहे.

वरवर पाहता यातील एक बाजू खोटे बोलत असावी असे वाटते. मला ते तसे वाटत नाही. ‘उष्ण प्रदेशात चालू शकणे’ आणि ‘उष्ण प्रदेशात महिनोन्महिने, मागणी कमाल असताना, एकट्या टर्बाइनवर चालणे’ या दोन वेगळ्या अटी आहेत. तापमानाची वरची मर्यादा लिहिली म्हणजे त्या मर्यादेजवळ किती तास काढायचे, इंटरकूलर समुद्रातील गाळाने आणि सागरी जीवांच्या वाढीने अंशतः चोंदलेला असताना काय व्हावे, आणि तेव्हाच एक जनित्र गेले तर कोणते भार चालू राहिलेच पाहिजेत, हे आपोआप लिहिले जात नाही. शिवाय १९९० च्या दशकात, कुवेतच्या युद्धानंतर, ब्रिटिश नौदल आखातात जवळपास कायमचेच होते. तेथे सलग वावर होणार नाही हे गृहीतक ज्या काळात लिहिले गेले, त्याच काळातील नौकांच्या हालचालींच्या नोंदी ते खोडून काढत होत्या. संसदीय समितीने नोव्हेंबर २०१६ मधील अहवालात या सगळ्यावर कडक टीका केली आणि ती रास्त होती.

विचारात घेण्याजोगे पर्याय

२०१४ मध्ये ‘प्रोजेक्ट नेपियर’ या नावाने दुरुस्तीचा कार्यक्रम उभा राहिला. त्या वेळी अभियंत्यांपुढे चार वाटा दिसत होत्या.

पहिली म्हणजे वापराची पद्धत बदलणे. उष्ण पाण्यात नेहमी दोन्ही टर्बाइन चालू ठेवायच्या, म्हणजे एक गेली तरी दुसरी जाळे सांभाळेल. याला काही विकत घ्यावे लागत नाही, पण इंधन जास्त लागते आणि टर्बाइनचे तास दुप्पट जातात, आणि एक टर्बाइन दुरुस्तीत असेल तर नौका पुन्हा मूळ पदावर येते. तात्पुरता उपाय म्हणून ठीक, त्यापुढे नाही.

दुसरी, आहे त्या यंत्रणेची विश्वासार्हता सुधारणे : इंटरकूलर आणि रिक्युपरेटरमधील दोष दूर करणे, नियंत्रण सॉफ्टवेअर आणि भार तोडण्याचा क्रम सुधारणे. हा मार्ग टप्प्याटप्प्याने, नौका सेवेत ठेवूनच राबवता येतो. त्याने बिघाडांची वारंवारता घटते. एका बिघाडाने सगळी नौका अंधारात जाण्याचा मूळ धोका मात्र आकड्यांतच दडलेला असल्याने तसाच राहतो.

तिसरी वाट टर्बाइनच बदलण्याची. रोल्स-रॉइसचीच एमटी-३० ही साधी आणि अधिक शक्तिशाली टर्बाइन तोवर उपलब्ध होती आणि क्वीन एलिझाबेथ वर्गाच्या विमानवाहू नौकांसाठी निवडलेली होती. परंतु टर्बाइन नौकेच्या पोटात असते. हवा घेण्याचे आणि धूर सोडण्याचे मोठे मार्ग तिच्यासाठी मापून घेतलेले असतात, तिच्या मागे वीज तयार करणारा आल्टरनेटर असतो, आणि हे सगळे बदलणे म्हणजे नौकेचा मधला भाग नव्याने बांधणे. सहा नौकांसाठी ते पैशात आणि वेळेत परवडणारे नव्हते.

चौथी वाट डिझेलची क्षमता वाढवण्याची. टर्बाइन तशाच ठेवायच्या, पण मध्यम वेगाचा संपूर्ण भार डिझेलवर टाकता येईल इतकी जनित्रे बसवायची. डिझेल इंजिन उष्ण पाण्यात टर्बाइनइतके हळवे नसते, त्याला वापरणारे जगभर असतात आणि तीन असली तर एक बंद पडूनही दोन उरतात.

प्रत्यक्ष कृती

नौदलाने दुसरी आणि चौथी वाट एकत्र घेतली. उपकरण सुधारणेचे काम आधी सुरू झाले. वीजक्षमता वाढवण्याचा निर्णय २०१६ च्या सुरुवातीला जाहीर झाला आणि मार्च २०१८ मध्ये बीएई सिस्टिम्स, बीएमटी आणि बर्कनहेडचे कॅमल लेअर्ड जहाजबांधणी यार्ड यांच्या गटाला १६ कोटी पौंडांचे कंत्राट मिळाले. जुनी २ मेगावॅटची दोन जनित्रे काढून त्यांच्या जागी एमटीयू बनावटीची ३ मेगावॅटची तीन बसवायची, आणि उच्चदाब वीजजाळे व नियंत्रण यंत्रणा त्यानुसार बदलायची, असे कामाचे स्वरूप ठरले. नवी मांडणी नौकेवर चढवण्यापूर्वी लेस्टरशरमधील व्हेटस्टोन येथील जमिनीवरच्या केंद्रात जोडून तपासण्यात आली. माझ्या मते संपूर्ण कार्यक्रमातील हा सर्वांत शहाणपणाचा निर्णय होता, कारण जनित्रे यंत्र म्हणून साधी असली तरी एकाच जाळ्यावर टर्बाइन आणि तीन डिझेल यांनी भार वाटून घेणे हे सॉफ्टवेअरचे नाजूक काम आहे.

मे २०२० मध्ये डॉन्टलेस बर्कनहेडला दाखल झाली. जनित्रे आत-बाहेर करण्यासाठी नौकेच्या कुशीत, म्हणजे बाजूच्या पोलादी भिंतीत, भोके पाडावी लागली. नवीन बांधणीत जे जनित्र डेक बंद होण्याआधी क्रेनने सहज खाली ठेवले जाते, त्याच्यासाठी आता पोलाद कापायचे, मार्गातल्या केबल, पाइप आणि दालने सोडवायची, इंजिन आत सरकवायचे, आणि मग कापलेला भाग परत वेल्ड करून त्याची तपासणी करायची. ती जून २०२२ मध्ये चाचण्यांसाठी पुन्हा समुद्रात उतरली.

परिणाम

आकड्यांत पाहिले तर डिझेलची एकूण क्षमता ४ वरून ९ मेगावॅटवर गेली. वरच्या उदाहरणातील सात-आठ मेगावॅटचा भार आता टर्बाइन बंद ठेवूनही पेलतो. मध्यम वेगाला डिझेल आणि वेग हवा तेव्हा टर्बाइन, अशी वापराची रीत त्यातून शक्य झाली. डॉन्टलेसने २०२३ मध्ये कॅरिबियनच्या उष्ण पाण्यात मोहीम केली. मात्र यातला विरोधाभास नोंदवायलाच हवा : जी टर्बाइन कमी भारावरील इंधन बचतीसाठी निवडली, तिला आता कमी भाराचे काम उरलेच नाही. तिचा मुख्य गुण निरुपयोगी झाला आणि तिची गुंतागुंत मात्र नौकेच्या आयुष्यभर सोबत राहिली.

किमतीचा मोठा भाग पौंडांत मोजण्यासारखा नाही. सहा नौकांच्या मूळ किमतीपुढे १६ कोटी पौंड ही रक्कम डोळ्यांत भरत नाही. परंतु डेअरिंग २०१७ पासून धक्क्याला लागली आणि सप्टेंबर २०२१ मध्ये बर्कनहेडच्या यार्डात गेली, म्हणजे सेवेबाहेरचा तिचा काळ सेवेतल्या काळाशी स्पर्धा करू लागला. जुलै २०२१ मध्ये विमानवाहू ताफ्याबरोबर पूर्वेकडे निघालेली डायमंड टर्बाइनच्या बिघाडामुळे मागे राहिली तेव्हा सहांपैकी एकच विनाशिका कार्यक्षम उरली होती. सगळ्या नौकांचे काम २०२८ पर्यंत पूर्ण करण्याचे उद्दिष्ट आहे. पहिला ठळक बिघाड २०१० चा.

या चित्राला एक अडचणीची बाजूही आहे, जी माझ्या मांडणीला पूर्णपणे जुळत नाही. डिसेंबर २०२३ पासून तांबड्या समुद्रात येमेनमधील हुथी बंडखोरांचे ड्रोन आणि क्षेपणास्त्र पाडणारी नौका होती तीच डायमंड, आणि तिच्यात तोवर नवी डिझेल बसवलेली नव्हती. याचा अर्थ दुसऱ्या वाटेने, म्हणजे आहे त्या उपकरणांच्या सुधारणेने, टीकाकार मानतात त्यापेक्षा बरेच काही साधले होते. तांबड्या समुद्रात ती टिकली यावरून मूळ मांडणी पुरेशी होती असे सिद्ध होत नाही. पण चौथ्या वाटेसाठी नौका वर्षानुवर्षे अडकवून ठेवण्याच्या वेळापत्रकावर फेरविचाराला ती जागा देते.

वेगळे काय करता आले असते

डब्ल्यूआर-२१ नाकारणे हे सर्वांत सोपे उत्तर आहे आणि ते मला पुरेसे वाटत नाही. कोणत्या तरी नौदलाने नवे इंजिन पहिल्यांदा घ्यावेच लागते. खरा प्रश्न असा की, पहिला ग्राहक होताना नौदलाने स्वतःसाठी परतीची कोणती वाट ठेवली. २००० साली ३ मेगावॅटची तीन डिझेल घेतली असती तर जागा, वजन आणि पैसा थोडा अधिक गेला असता. टर्बाइनमधले दोष मग निवांतपणे, नौका सेवेत ठेवून, सुधारता आले असते. तेही जमत नसेल तर निदान तिसऱ्या जनित्रासाठी मोकळे दालन, केबलचा मार्ग आणि आत नेण्याचा रस्ता आराखड्यात राखता आला असता. पुढे कुशीत भोके पाडण्याची वेळ आली, ती ही जागा न ठेवल्यामुळे.

दुसरा निर्णयबिंदू २०१० ते २०१३ चा. पहिला मोठा बिघाड झाला तेव्हा शेवटच्या दोन नौका, डिफेंडर आणि डंकन, अजून यार्डात सामग्री बसवण्याच्या टप्प्यात होत्या. तेव्हा वीजजाळे बदलणे महाग पडले असते, तरी २०२० नंतरच्या कामाच्या तुलनेत ते किती महाग, ही तुलना तेव्हाच मांडायला हवी होती. बांधणीच्या वेळापत्रकाचा दबाव, मूळ खर्च आधीच दीड अब्ज पौंडांनी वाढलेला असणे, आणि एक-दोन घटनांवरून आराखडा सदोष आहे असे म्हणायला कोणी तयार नसणे, ही कारणे समजू शकतात. पण समस्येची कबुली आणि कंत्राट यांच्यामध्ये जी वर्षे गेली, त्यांचे समर्थन मला करता येत नाही.

तिसरी गोष्ट चाचणीची. यंत्र वेगळे तपासले जाते, जाळे वेगळे तपासले जाते. दोन्ही एकत्र, गरम पाणी पुरवून, मागणी कमाल ठेवून आणि मुद्दाम एक टर्बाइन बंद पाडून तपासणे हे कंटाळवाणे आणि खर्चिक काम असते. तरीही बिघाडाचा जो क्रम वर दिला आहे, तो दाखवू शकणारी चाचणी याच जातीची आहे.

याच नौदलाच्या पुढच्या निवडीत बदल दिसतो. टाइप २६ फ्रिगेटसाठी एक एमटी-३० टर्बाइन आणि चार एमटीयू डिझेल जनित्रे अशी मांडणी घेतली गेली : टर्बाइन साधी आणि इतरत्र रुळलेली, आणि रोजचे काम डिझेलकडे.

भारतीय नौदलाच्या संदर्भात

हे प्रकरण आपल्यासाठी दूरचे राहिलेले नाही. भारतीय नौदलाच्या मोठ्या युद्धनौका आजवर मुख्यतः टर्बाइन आणि डिझेलच्या यांत्रिक प्रणोदनावर चालत आल्या आहेत. विमानवाहू विक्रांतमध्ये चार एलएम-२५०० टर्बाइन शाफ्ट फिरवतात आणि विजेसाठी ३ मेगावॅटची आठ डिझेल आल्टरनेटर वेगळी आहेत. जानेवारी २०२५ मध्ये मुंबईत सेवेत आलेली फ्रिगेट निलगिरीही टर्बाइन आणि डिझेल गिअरबॉक्समार्गे वापरते. मात्र नोव्हेंबर २०२४ मध्ये पोर्टस्मथ येथे भारत आणि ब्रिटन यांच्यात युद्धनौकांच्या विद्युत प्रणोदनाच्या संयुक्त विकासासाठी इरादापत्रावर सह्या झाल्या, आणि भारतात बांधायच्या लँडिंग प्लॅटफॉर्म डॉक (सैन्य किनाऱ्यावर उतरवणाऱ्या) नौकांमध्ये पूर्ण विद्युत प्रणोदन बसवण्याचे उद्दिष्ट त्यात आहे.

अरबी समुद्र आणि बंगालचा उपसागर उन्हाळ्यात ३० अंशांच्या आसपास असतात. ब्रिटिश नौदलासाठी जी टोकाची परिस्थिती होती ती आपल्यासाठी मे महिन्यातला नेहमीचा दिवस आहे. त्यामुळे या नौकांच्या विनिर्देशात तापमानाची केवळ कमाल मर्यादा न लिहिता त्या मर्यादेला सलग किती तास चालायचे, उष्मा विनिमयकांची (इंटरकूलरसारख्या, उष्णता काढून घेणाऱ्या उपकरणांची) क्षमता मळामुळे किती घटलेली धरायची, आणि सर्वांत मोठे जनित्र अचानक गेल्यावर उरलेल्यांनी कोणता भार न तुटता पेलायचा, हे आकड्यांत लिहिले जाणे आवश्यक आहे. जनित्रांची संख्या आणि आकार त्यानंतर ठरवायचे. इंधन बचतीचा आलेख हातात घेऊन ते आधी ठरवले, तर ब्रिटिश अभियंत्यांना २०१४ मध्ये पडलेले प्रश्न कोची किंवा माझगावच्या यार्डात विचारले जातील, आणि तेव्हा नौकेची कुशी बंद झालेली असेल.